खालाचा सवाल

माझी खाला २०१६ च्या हिवाळ्यात गेली. स्तनाचा कर्करोग होता. पहिल्या चार सलाइनमध्ये लिंबाएवढी गाठ बोराएवढी झाली होती. ऑपरेशन झालं, दीड वर्ष बरं गेलं, केससुद्धा पूर्वीसारखे आले. मग हसलीजवळ गाठी लागल्या. पुन्हा किमो सुरू झाली. या वेळी औषध चाललं नाही. दुसरं दिलं, तेही चाललं नाही. डॉक्टर व्हरांड्यात उभ्याउभ्या म्हणाले, ‘रिस्पॉन्स नाही,’ आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

घरी आल्यावर खालाने मला विचारलं, ‘बेटा, मेरेसे कुछ चूक हुई क्या? पैले तो दवा लगती थी.’

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. नातेवाइकांकडे मात्र भरपूर उत्तरं होती. कुणी म्हणालं पथ्य पाळलं नाही, वांगं खाल्लं. कुणी नजरेवर ढकललं. एक जण तर म्हणाली की तिने हिंमत सोडली म्हणून औषधानेही तिला सोडलं. आजारी बाईवर आजाराचं ओझं असतंच, आम्ही त्यावर औषध हरल्याचं ओझंही ठेवलं.

मी उमरग्यात उर्दू आणि मराठी शिकवते. बीएड झाले, विज्ञान दहावीनंतर सुटलं. पण तो सवाल मनातून जाईना, म्हणून जमेल तसं वाचत गेले. जे कळलं ते इथे मांडते आहे. हा एका पंपाचा इतिहास आहे.

आधी शब्दाचं सांगते, ती माझी सवय. उर्दूत या आजाराला सरतान म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. मराठीत कर्करोग, आणि कर्क म्हणजेही खेकडाच. ग्रीक वैद्यांनी हेच नाव दिलं होतं, कारण गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. मुलांच्या डोक्यात कर्क म्हणजे राशिभविष्य.

औषध आधी लागतं आणि मग लागत नाही, ही तक्रार किमोइतकीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन हे दोघे मस्टर्ड नावाच्या विषारी वायूच्या जातीतल्या रसायनांवर काम करत होते. १९४२ मध्ये त्यांनी त्यातलं एक रसायन गळ्यात आणि छातीत गाठी असलेल्या एका रुग्णाला शिरेतून दिलं. गाठी विरघळल्यासारख्या गेल्या. काही आठवड्यांत त्या परत आल्या. पुन्हा दिलं तर परिणाम कमी, तिसऱ्या वेळी जवळपास नाहीच. त्याच वर्षाच्या अखेरीस रुग्ण दगावला. म्हणजे किमोच्या पहिल्याच रुग्णाची कहाणी माझ्या खालाच्याच कहाणीसारखी होती. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बरने रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. ही औषधं ज्या लेडर्ली कंपनीत तयार झाली, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. मुलं उठून बसली, खेळू लागली, आणि काही महिन्यांत आजार परतला.

डॉक्टरांनी यातून साधा हिशेब काढला: एक औषध हरलं तर दुसरं द्यायचं, वेगळ्या झाडाचं, वेगळ्या पद्धतीने मारणारं.

वेगळी झाडं मिळालीही. त्यातलं एक आपल्या दारात आहे. सदाफुली. खालाच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात ती लावलेली होती. १९५२ च्या सुमारास कॅनडातल्या रॉबर्ट नोबल नावाच्या संशोधकाला त्याच्या डॉक्टर भावाने जमैकाहून आलेली सदाफुलीची पानं पाठवली, तिथले लोक मधुमेहावर तिचा काढा पितात म्हणून. उंदरांची साखर काही उतरली नाही. पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. त्याचं भावंड व्हिनक्रिस्टिन १९६३ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. (हे वाचून कुणी सदाफुलीची पानं चावू नयेत. क्विंटलच्या क्विंटल पाला गाळावा तेव्हा ग्रॅमच्या मापात औषध निघतं, आणि बाकीचं पोटात गेलेलं विष असतं. खालाला आमच्याच घरातून हा काढा देण्याचा बेत झाला होता, म्हणून मुद्दाम लिहिलं.)

दुसरं औषध मातीतून आलं. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूने लाल रंगाचं द्रव्य तयार केलं. ते डाउनोरुबिसिन. त्याचं पुढचं रूप म्हणजे डॉक्सोरुबिसिन. किमोच्या वॉर्डात बसलेला प्रत्येक जण याला ‘लाल औषध’ म्हणतो. खालाची पहिली चार सलाइन हीच होती.

आता खरी गंमत. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जून बीडलर आणि हान्सयोर्ग रीम यांनी चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी बाटलीत वाढवल्या आणि त्यांना अ‍ॅक्टिनोमायसिन या एकाच औषधाचा थोडा थोडा डोस वाढवत दिला. ज्या पेशी तगल्या त्या या औषधाला दाद देईनात, हे अपेक्षितच होतं. पण त्या पेशींनी कधी न पाहिलेल्या औषधांनाही दाद दिली नाही. सदाफुलीचं औषध, लाल औषध, सगळ्यांपुढे त्या निबर. एका औषधाने शिकवलेला धडा त्या चार औषधांवर वापरत होत्या. ‘एक हरलं तर दुसरं’ या हिशेबाला इथे तडा गेला.

कसं, हे १९७३ मध्ये कोपनहेगनच्या केल्ड दानो याने दाखवलं. त्याने निबर पेशींना आधी उपाशी ठेवलं, म्हणजे त्यांची ऊर्जा बंद केली. तेव्हा लाल औषध आत साठत गेलं, साध्या पेशीत साठतं तसंच. मग त्याने साखर दिली. ऊर्जा मिळताच औषध झरझर बाहेर पडू लागलं. दार बंद असतं तर औषध आत गेलंच नसतं. ते आत जात होतं आणि कुणीतरी ते उपसून बाहेर टाकत होतं. विहिरीवर मोटर लावलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. लाइट गेली की पाणी चढतं, लाइट आली की उतरतं.

हा उपसणारा कोण, ते सापडायला आणखी तीन वर्षं गेली. इथे माझ्या उर्दूचा संबंध येतो. आपल्याकडे सांधेदुखीवर हकीमसाहेब माजून सुरंजान देतात. सुरंजान म्हणजे कॉल्चिकम नावाच्या झाडाचा कंद. इब्न सिनाच्या काळापासून तो युनानी औषधात आहे, त्याआधी ग्रीक वैद्यांकडेही होता. आपल्या रानातली कळलावी वेगळी, पण विष तेच. १८२० मध्ये फ्रान्सच्या पेलतिए आणि कावांतू यांनी ते वेगळं केलं. नाव कॉल्चिसिन. ते पेशीचं विभाजन अडवतं. १९७६ मध्ये टोरांटोत रुडी ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी हॅमस्टरच्या पेशी निबर करण्यासाठी हेच सुरंजानचं विष वापरलं. निबर पेशींच्या आवरणावर त्यांना एक मोठं प्रथिन दिसलं. साध्या पेशींत ते जवळपास नव्हतं. जितकी पेशी निबर, तितकं ते जास्त. त्यांनी नाव दिलं पी-ग्लायकोप्रोटीन. यातला ‘पी’ म्हणजे पर्मिएबिलिटी, झिरपणं. त्यांचा अंदाज होता की हे प्रथिन औषधाला आत झिरपू देत नाही. अंदाज चुकला होता, दानोचाच बरोबर होता, पण नाव तेच राहिलं. गावांच्या नावांचंही असंच होतं.

हे सगळं ज्या कलेवर उभं आहे, पेशी बाटलीत जगवण्याच्या कलेवर, ती आपल्याकडे मुंबईत आणली पुण्याच्या एका बाईने. कमल रणदिवे. जन्म १९१७, माहेरच्या समर्थ, हुजूरपागा आणि फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं होतं. तिथल्या डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी केली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन पेशी वाढवायला शिकल्या आणि परत येऊन इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना स्थापणाऱ्यांतही त्या पुढे होत्या. शाळेत मुलींना आम्ही वैज्ञानिक बाई म्हणून मादाम क्युरीचा धडा शिकवतो. तो शिकवावाच. पण फर्ग्युसनची मुलगी बाल्टिमोरहून विद्या घेऊन परळला परत आली, हेही मुलींना सांगायला काय हरकत आहे? त्या केंद्राचाच वारसा आज नवी मुंबईत खारघरच्या टाटा केंद्रात आहे, आणि तिथे औषधाला न जुमानणाऱ्या पेशींवर काम चालतं.

जॉर्ज गाय हे नाव लक्षात ठेवा. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब काळ्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा तिला न विचारता घेतला गेला आणि याच गायच्या प्रयोगशाळेत त्या पेशी बाटलीत अखंड वाढत राहिल्या. बाई त्याच वर्षी गेली. १९८६ मध्ये अमेरिकेत गॉट्समन, पास्तान आणि रोनिन्सन यांच्या गटांनी माणसातला या पंपाचा जनुक वेगळा केला, तेव्हा त्यांनी ‘केबी’ नावाच्या पेशी वापरल्या होत्या. कागदावर त्या पेशी तोंडाच्या कर्करोगाच्या. तपासात मात्र त्या हेन्रिएटाच्याच निघालेल्या होत्या, एका बाटलीतून दुसरीत मिसळलेल्या. म्हणजे आपण ज्या पंपाबद्दल बोलतोय त्याचा माणसातला पत्ता त्या बाईच्या देहातून लागला.

जनुक वाचल्यावर कळलं की हा पंप फक्त कर्करोगाचा नाही. जिवाणूंत त्याचे भाऊबंद आहेत. माणसात या घराण्याचे ४८ जनुक आहेत. घराण्याचं नाव एबीसी, शाळेतल्यासारखंच, पण अर्थ वेगळा: एटीपी हे इंधन धरून चालणारे. १९९२ मध्ये कॅनडात सुसान कोल आणि रॉजर डीली यांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत दुसरा पंप सापडला, १९९८ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत तिसरा.

मग साहजिक प्रश्न: पंप बंद का करत नाही? १९८१ मध्येच जपानच्या ताकाशी त्सुरुओ यांनी दाखवलं होतं की व्हेरापामिल ही हृदयाची आणि ब्लड प्रेशरची गोळी दिली तर निबर पेशींवर सदाफुलीचं औषध पुन्हा चालतं. साधी, जुनी, स्वस्त गोळी! तेव्हा किती आशा वाटली असेल. पण बाटलीत जेवढं व्हेरापामिल लागतं तेवढं माणसाला दिलं तर हृदयच मंदावतं. नंतर खास पंपासाठी औषधं काढली, व्हॅल्स्पोडार, टॅरिक्विडार अशी नावं. व्हॅल्स्पोडारने किमोचं औषध शरीरातून बाहेर पडायचा मार्गच अडवला. मग किमोचा डोस कमी करावा लागला आणि फायदा तिथेच संपला. टॅरिक्विडारच्या मोठ्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. आजही पंप बंद करणारं औषध किमोच्या वॉर्डात रोजच्या वापरात नाही.

का नाही, याचं उत्तर उंदरांनी दिलं, आणि ते शेळ्या पाळणाऱ्या कुणालाही पटेल. अ‍ॅमस्टरडॅमला आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी हा पंपच नसलेले उंदीर जन्माला घातले. उंदीर ठणठणीत होते, वाटलं या पंपाचं काही कामच नाही. मग पिंजऱ्यांत गोचिडीसारखी बारीक कीड झाली, म्हणून नेहमीसारखं आयव्हरमेक्टिन फवारलं. जनावरांना जंतांसाठी देतात, कोरोनात लोकांनी स्वतःच खाल्लं, तेच. साधे उंदीर जगले, पंप नसलेले पटापट मेले. त्यांच्या मेंदूत औषध ८० पटींहून जास्त साठलं होतं. हे १९९४ मध्ये छापून आलं. तर हा पंप आपल्या आतड्यांत, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत पहारा देत असतो. पानाफुलांतली, कुजक्या अन्नातली विषं तो जन्मभर बाहेर फेकतो. किमोची निम्मी औषधं तर पानाफुलांची आणि मातीतल्या जिवाणूंचीच आहेत, पंपाच्या दृष्टीने विषंच. तो आपलं काम करतो. गाठीने ते काम स्वतःसाठी वापरलं, एवढंच.

एक गोष्ट शिक्षकी पेशामुळे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा पंप दिसतो कसा, हे पाहायला जेफ्री चँग या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याच्या जिवाणूंतल्या भाऊबंदांची रचना काढली. २००१ पासून मोठमोठ्या नियतकालिकांत त्याचे लेख आले, नाव झालं. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉसन आणि लोखर यांची रचना आली आणि ती याच्याशी जुळेना. चँगने आपलं काम तपासलं. त्याच्या प्रयोगशाळेतल्या एका कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये अधिक-वजा चिन्ह उलटं झालं होतं, आणि सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं आलं होतं. त्याने पाच लेख मागे घेतले, तेही छापील माफी मागून. २००९ मध्ये त्याच्याच गटाने उंदराच्या पी-ग्लायकोप्रोटीनची रचना प्रसिद्ध केली. चुकलेलं खोडून पुन्हा सोडवणारा विद्यार्थी मला नेहमीच आवडतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते, कारण या सगळ्यात आपल्या जिल्ह्याचं नाव आहे.

उमरग्याच्या माणसाला कर्करोग झाला की तीन रस्ते असतात. हायवेने पश्चिमेला सोलापूर आणि पुढे बार्शी, पूर्वेला हैदराबादचं एमएनजे. ते मेहदी नवाज जंग यांच्या नावाचं, निजामाच्या काळाशी नातं सांगणारं. आणि पैसा असेल तर मुंबई. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ पासून बार्शी, परंडा आणि भूमच्या गावांत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. दवाखान्यात बसून नोंद होत नाही हे ओळखून त्यांची माणसं गावोगाव फिरली, बायकांशी बोलली. नुसतं बोलण्यानेही बायका लवकर दाखवायला येऊ लागल्या.

त्यातूनच १९९९ मध्ये आपल्या जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांची ती चाचणी. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. एका गटाची गर्भाशयमुखाच्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची तपासणी, एकाची पॅप तपासणी, एकाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त माहिती. २००९ मध्ये निकाल जगातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट ३० हजारांच्या वरचे होते. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. इतर दोन तपासण्यांत एवढा फरक दिसला नाही. लेखात जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद आहे, आणि जगभरचे डॉक्टर ते याच नावाने ओळखतात.

त्या चौथ्या गटावरून पुढे वाद झाला. तपासणीने जीव वाचतात हे माहीत असताना ३१ हजार बायकांना ती का दिली नाही, असं काही डॉक्टरांनी विचारलं. करणाऱ्यांचं म्हणणं, देशात कुठेच नियमित तपासणी नव्हती, आणि तुलनेशिवाय सरकारला पटवता येत नव्हतं. दोन्ही बाजू मी वाचल्या. मला ते ६४ हा आकडा म्हणून वाचता येत नाही. त्या आपल्याच गावाकडच्या बायका होत्या, आणि हेन्रिएटाचा आजारही हाच होता.

हे सगळं पंपाच्या गोष्टीत का आणलं? कारण जो आजार पेशी बिघडायच्या आधीच पकडला जातो तो साध्या उपचाराने काढून टाकता येतो. तिथे किमो लागतच नाही, पंपाची गाठच पडत नाही. खालाची गाठ लिंबाएवढी होईपर्यंत तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात पुरुष डॉक्टर होते. घरात आम्ही सगळे होतो आणि तिने आम्हालाही सांगितलं नाही. मोठ्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात, त्यात आधीपासूनच चार पंपवाल्या असण्याची शक्यता वाढते. औषध बाकीच्यांना मारतं, त्या चार उरतात आणि पुन्हा वाढतात.

खालाच्या गाठीत हाच पंप होता का, हे कुणी तपासलं नव्हतं, आणि निबरपणाचे दुसरे मार्गही पेशींना ठाऊक आहेत: औषधाचं लक्ष्यच बदलणं, मोडलेला डीएनए लवकर जोडणं, मरायचा हुकूम न मानणं. पण वांगं खाण्याचा किंवा हिंमत सोडण्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर खालाच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. भांडी घासता घासता. ती बराच वेळ गप्प होती. अम्मीने जेवण सोडलं म्हणून ती गेली, असंच इतकी वर्षं तिच्या डोक्यात होतं, आणि त्या दिवसांत आपण आईवर चिडलो होतो हेही. मग तिने विचारलं, ‘बाजी, वो पंप मेरे में भी आएगा क्या?’ मी सांगितलं की पंप सगळ्यांत जन्मापासून आहेच, पण गाठीने जो वाढवला तो गाठीबरोबर संपतो, मुलांत येत नाही. मात्र आईला स्तनाचा कर्करोग होता म्हणून तुझी तपासणी व्हायला हवी, आणि ती आता, काही नसताना.

परीक्षा संपल्यावर जाऊ म्हणाली. मी म्हटलं, परीक्षा माझ्या शाळेच्या आहेत, तुझ्या नाहीत. पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी सोलापूरला गेलो.